वैमानिकाविना विमान : तुम्ही बसाल का?

प्रश्न : विमान बहुतेक वेळ ऑटोपायलटच चालवतो, मग वैमानिक हवाच कशाला, असं माझा मुलगा विचारतो. तुम्ही विमानांच्या देखभालीत आयुष्य काढलंत. तुम्ही बसाल अशा विमानात?

उत्तर : मुलाचं अर्धं बरोबर आहे. प्रवाशांसह विमान आपोआप धावपट्टीवर टेकलं ते १९६५ साली, ट्रायडंट जातीचं. २०१९ मध्ये एअरबसच्या ए-३५०ने कॅमेऱ्याने धावपट्टी ओळखून आपोआप उड्डाणही केलं.

मी एकतीस वर्षं विमानातली मापनाची उपकरणं तपासली : वेग सांगणाऱ्या पिटो नळ्या, हवेशी होणारा कोन सांगणारी बोटभर पाती. त्यामुळे मला संगणकापेक्षा त्या पात्याची धास्ती जास्त. बोइंग ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९च्या अपघातांत एका सेन्सरने नाक फार वर गेल्याचं खोटंच कळवलं आणि यंत्रणा ते पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिली. ३४६ माणसं गेली.

माणूसही चुकतो, हे मान्य. २००९ साली एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात पिटो नळ्यांत बर्फ धरला, वेगाचे आकडे जुळेनात आणि ऑटोपायलट सुटला. पुढे वैमानिकांना विमान सावरता आलं नाही. २२८ जण अटलांटिकमध्ये गेले. पण यंत्राने तिथे काय केलं, ते मुलाला नीट बघायला सांगा. माहितीवर भरवसा उरला नाही, तसं त्याने विमान माणसाच्या हाती दिलं. माणूसच नसेल तर ते कुणाच्या हाती देणार? जमिनीवरच्या माणसाच्या म्हणाल, तर तो संपर्कही नेमका तेव्हाच तुटू शकतो.

सुरुवात छोट्या विमानांपासून झालीच आहे. वैमानिक बेशुद्ध पडला तर प्रवाशाने एक बटण दाबायचं आणि विमान जवळच्या विमानतळावर स्वतः उतरायचं, अशी गार्मिनची यंत्रणा २०२० पासून प्रमाणित आहे. ही मला फार मोलाची वाटते. चीनने २०२३ मध्ये ईहँगच्या दोन आसनी, वैमानिकाविना उडणाऱ्या यानाला प्रमाणपत्र दिलं. स्वच्छ हवेत, ठरलेल्या मार्गावर, थोड्या अंतरासाठी मी त्यात बसेन.

तीनशे प्रवाशांच्या विमानात आज बसणार नाही. मुलाला या विषयाची गोडी असेल तर त्याने हाच प्रश्न हाती घ्यावा : सगळ्या नळ्या एकाच वेळी गोठल्या, तर यंत्राने वेग कशावरून काढायचा?