बिल अडकलंय, पगार कुठून करू?

प्रश्न : भोसरीत माझं छोटं टर्निंगचं वर्कशॉप आहे. मोठी कंपनी 90 दिवसांनी पैसे देते, कामगारांचा पगार मात्र 7 तारखेला. बिलं विकता येतात म्हणे?

उत्तर : येतात, दादा. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी असेल तर ‘ट्रेड्स’वर, म्हणजे अशी बिलं बँकांना विकायच्या ऑनलाइन बाजारात, खातं उघडा. बिल चढवायचं, कंपनीनं मान्य केलं की बँका व्याजदराची बोली लावतात; जिची बोली तुम्ही घ्याल ती बँक व्याज कापून पैसे आधीच देते आणि नंतर कंपनीकडून वसूल करते. 2 लाखांच्या बिलावर समजा 9 टक्के दर लागला, तर 90 दिवसांचे साडेचार हजारांच्या आसपास कटतील. पुढे कंपनीनं बुडवलं तरी बँक तुमच्या दारात येत नाही. मला हेच मोलाचं वाटतं. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथली नोंदणी सक्तीची आहे, पण अकाउंट्सवाले साहेब मान्यता द्यायला रेंगाळतात. चिकटून मागे लागा. आणि 90 दिवस कसले? सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी 2006च्या कायद्यात कमाल मुदत 45 दिवसांचीच आहे.