प्रेमकादंबरीला प्रेमकादंबरीच म्हण

कॉलेज रोड, नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल तीनदा वाचली. ब्रिटनमधल्या पुरस्काराच्या शॉर्टलिस्टवर नाव आलंय, आणि तुझा पहिला प्रश्न काय, तर इथे सांगताना ‘प्रेमकादंबरी’ हा शब्द टाळला तर चालेल का? सोबत बातमीचा मसुदा: ‘मानवी नात्यांचा बहुपेडी धांडोळा घेणारी साहित्यकृती.’ अरे, या ओळीत मुलगी कुठंय? रविवार कारंजावर एका छत्रीसाठी भांडणारी ती दोघं कुठं गेली?

नाही चालणार. प्रेमकादंबरीला प्रेमकादंबरीच म्हण. ज्या गावात कुसुमाग्रज राहिले तिथं प्रेम या शब्दाची लाज वाटायचं कारण मला तरी दिसत नाही.

आणि हे मी मानापमानासाठी सांगत नाही, कामासाठी सांगतेय. तिकडे पुस्तक विभागात जातं: ऐतिहासिक, समकालीन, विनोदी, पदार्पण असे वेगवेगळे. परीक्षक आधी बघतो की हे पुस्तक या विभागात बसतं का. तू अर्जात लिहितोस ‘नातेसंबंधांची कादंबरी’, आणि तो बिचारा शंभर पानं प्रेमाचीच वाचतो. मग त्याला वाटतं, लेखकालाच आपण काय लिहिलं ते ठाऊक नाही.

शेवटाचंही तसंच. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेनं व्याख्याच करून ठेवली होती: गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. आपल्याकडे ताटातूट, क्षयरोग, स्टेशनवरचा निरोप असलं काही झालं की आपण ‘काय प्रेमकथा आहे’ म्हणून डोळे पुसतो. त्या व्याख्येत ती रोमान्सच नाही. पुढच्या पुस्तकात नायिकेला मारणार असशील तर खुशाल मार, पण मग तो अर्ज या रांगेत लावू नकोस, सर्वसाधारण कादंबरीच्या रांगेत लाव.

आणि ‘पुढचं लक्ष्य रीटा पुरस्कार’ हे कुठल्या जुन्या लेखातून उचललंस? रीटा हा याच अमेरिकन संस्थेचा पुरस्कार, तो १९९० ते २०१९ दिला गेला. त्याआधी १९८२पासून त्याला गोल्डन मेडॅलियन म्हणत. वंशभेदावरून संस्थेत मोठा वाद झाला आणि २०२०चा रीटा झालाच नाही. मग व्हिव्हियन नावानं नवा पुरस्कार काढला, आणि २०२४मध्ये संस्थेनंच दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांनी २०१८मध्ये स्वतः कबूल केलं होतं की रीटाच्या अंतिम यादीत आलेल्या पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तकं अर्ध्या टक्क्याहूनही कमी होती. यादी म्हणजे कोणी वाचलं त्याचा हिशेब. तेवढाच मान दे, कमी नको, जास्त नको.

ब्रिटनमधली रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन १९६०ची. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना बाकीचे लेखक नाक मुरडत, म्हणून या लेखकांनी स्वतःचं घर बांधलं. नावातच शब्द घातला, लपवला नाही. आणि तू?

आता तुला आलेली ती दुसऱ्याच कुठल्या पुरस्काराची मेल, ‘अभिनंदन, आपण फायनलिस्ट आहात’ म्हणणारी. प्रवेश घेताना फी असणं गैर नाही, बऱ्याच खऱ्या पुरस्कारांना ती असते. पण यादीत नाव आल्यानंतर पदकाचे, मुखपृष्ठावर लावायच्या सोनेरी स्टिकरचे, जेवणाच्या टेबलाचे पैसे मागू लागले की हात आखडता घे. मागच्या वर्षीची यादी उघड आणि नावं मोज. अनुवादित पुस्तकांना मिळणाऱ्या इंटरनॅशनल बुकरची शॉर्टलिस्ट सहा पुस्तकांची असते, आणि यादीतल्या प्रत्येक पुस्तकाला पुरस्कारवालेच पाच हजार पौंड देतात. तुझ्या त्या मेलवाल्यांच्या यादीत विभाग किती, आणि प्रत्येकात नावं किती? परीक्षकांची नावं आहेत का? नसतील तर ती यादी नव्हे, गिऱ्हाइकांची वही आहे.

बुकरचे ते पाच हजार लेखक आणि अनुवादक अर्धे अर्धे वाटून घेतात. तुझ्या मसुद्यात अनुवादिकेचं नावच नाही. हे वाचून मात्र खरंच राग आला. तुझ्या नायिकेनं दोनशे पानं नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं आणि शेवटच्या प्रकरणात, गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नारळ फोडताना, तिच्या तोंडून ‘अरे, जपून’ निघालं. मराठी वाचकाला तिथंच कळतं की आता प्रेम झालं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ दोन्हीला एकच शब्द. तुझ्या अनुवादिकेनं इंग्रजीतही ‘अहो’ तसाच ठेवला, पहिल्याच प्रकरणात तो सासूसमोर इतका जड करून ठेवला की परक्या वाचकाच्या कानात बसला, आणि शेवटी तो गळून पडला तेव्हा त्याची पोकळी ऐकू आली. परीक्षकांनी जी प्रेमकादंबरी वाचली ती तिच्या हातची आहे. बातमी, परिचय, पोस्ट, सगळीकडे दोन नावं. आणि बक्षिसाची वाटणी आत्ता, निकालाआधी, मेलवर लिहून घे. नंतर लाज वाटते आणि मग वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं.

व्यवहाराच्या गोष्टी घाईघाईनं सांगते. ‘एम्बार्गो’ म्हणजे त्यांनी दिलेल्या वेळेपर्यंत बातमी फोडायची नाही, गप्प. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही, कारण तुझी मामी. वेळ लंडनची असते: तिकडचे दुपारचे बारा म्हणजे हिवाळ्यात आपले साडेपाच, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. स्थानिक पेपरला आधी मजकूर देऊन ठेवलास तर वर ठळक लिही, कधीनंतर छापायचा.

समारंभाला जायचं असेल तर निमंत्रणाच्या पत्रात प्रवासखर्चाचा उल्लेख आहे का बघ. नसेल तर तो तुझाच धर. व्हिसा स्टँडर्ड व्हिजिटरचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबई किंवा पुणे, आणि त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे. गर्दीच्या दिवसांत जास्त धर. निमंत्रणपत्र, अंबडच्या कंपनीचं रजेचं पत्र, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर विवरण. काकांकडून दोन लाख आणून आदल्या आठवड्यात खात्यात टाकू नकोस. अर्ज तपासणारा नेमकं तेच शोधत असतो. व्यवसायाच्या रकान्यात नोकरी लिही, पगार तिथून येतो. आणि प्रवासाच्या कारणात ‘साहित्यिक परिषद’ लिहिलंयस ते खोड. निमंत्रणपत्रावर प्रेमकादंबरीचा पुरस्कार म्हणून छापलंय, अर्जात परिषद, मग संशय येणार नाही तर काय होईल? बघ, तिथंही तोच शब्द तुला वाचवतो.

तू म्हणशील, ताईंचा हट्टच आहे हा. आहे. मलपृष्ठावर ‘सामाजिक कादंबरी’ छापू दिलं की पुस्तक वाचनालयात भलत्याच कपाटात जातं. जिला ते हवं असतं तिला सापडत नाही, ज्याला सापडतं त्याला ते नको असतं. पुस्तक वाईट नसतं, जागा चुकलेली असते. मी हे पुष्कळ उशिरा शिकले, कशी ते विचारू नकोस. तेव्हा गंभीर दिसायची हौस होती आणि ‘नाही’ म्हणायला कोणी शिकवलं नव्हतं, एवढंच माझं म्हणणं. तुला सांगणारं कोणीतरी आहे.

समारंभात पुस्तकातलं वाचायला दोन मिनिटं देतील. इंग्रजी अडीचशे शब्द, त्यावर एकही नको. गंगेवरचा तो नारळाचा प्रसंग घेऊ नकोस, मागचं ‘अहो’ ठाऊक नसलेल्यांना तो लागणार नाही. छत्रीचं भांडण घे, ते स्वतःच्या पायावर उभं राहतं. कारंजा म्हणजे काय ते समजावत बसू नकोस. फोनवर घड्याळ लावून मोठ्यानं वाच, रोज दोनदा, उभं राहून; बसून वाचलं की तू घाई करतोस.

मसुदा दुरुस्त करून आज रात्री पाठव, प्रत अनुवादिकेला. आणि मुंबईला ठसे द्यायला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाणार असशील तर वेळ दुपारचीच घे.

ताई