मराठी वेबसाइटचं नवं डिझाइन लाइव्ह करण्याआधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की मराठी साइटचं रीडिझाइन तयार आहे, आता लाइव्ह करण्याआधी फ्रंट-एंडवाल्याने (वाचकाला दिसणारी पानं बनवणाऱ्याने) काय पाहावं. मी एका मराठी नियतकालिकाच्या साइटचं हेच काम केलंय, त्यावरून सांगतो. सगळ्यात आधी प्रत्येक पानात खरा मराठी मजकूर घाला, तोही तुमच्याकडचा सगळ्यात अवघड. डिझाइनच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा इंग्रजी असतं, नाहीतर दोन-चार सोपे मराठी शब्द. त्यावर सगळंच सुरेख दिसतं.

आमच्याकडे शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षरांच्या आकाराच्या पटीत) १.२ ठरली होती. रोमन अक्षरांना ती शोभते. मराठीत मात्र वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतात. कार्डांवर (लेखाचं शीर्षक दाखवणाऱ्या छोट्या चौकटींवर) तर याहून वाईट. दोन ओळींनंतरचा मजकूर झाकायला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाणारं लपवणारा नियम) लावलेलं असतं आणि त्यात पहिल्या ओळीच्या डोक्यावरचे रफार, अनुस्वारही छाटले जातात. 'मार्ग'चा 'माग' होतो, 'वंश'चा 'वश'. हा फक्त देखणेपणाचा प्रश्न नाही, वाचकाला चक्क दुसराच शब्द दिसतो! आम्ही शीर्षकं १.४ वर आणि लेखांचा मजकूर १.७ वर नेला, कार्डांना वरून थोडं पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं. डिझायनरला आधी ते सैल वाटलं, पण खरी शीर्षकं घालून दाखवल्यावर तिनेच बाकीची पानं त्या मापात बसवली. लेटर-स्पेसिंग मात्र शून्यच ठेवा. अक्षरं लांब सरकली की शिरोरेषा तुटते.

मग फाँट. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँट जड असतो, म्हणून न लागणारी अक्षरं काढून तो हलका करतात. ही काटछाट हिंदीची यादी धरून झाली असेल तर 'दुसऱ्या'मधला ऱ्या आणि 'ॲप'मधला ॲ नक्की बघा. ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाँटांत तो नसू शकतो. मग ब्राउझर तेवढं एकच अक्षर दुसऱ्या फाँटातून उचलतो आणि ते शब्दात उपरं दिसतं. एचटीएमएलच्या (पानाच्या मूळ कोडच्या) लँगमध्ये, म्हणजे भाषा सांगायच्या जागी, 'एमआर' (mr, मराठीचा कोड) लिहायला विसरू नका. काही फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण भाषा सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. वेग मोजाल तो साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर मोजा. गूगलच्या निकषांत एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांपर्यंत आणि सीएलएस (पानातल्या गोष्टी अचानक किती हलतात त्याचं माप) ०.१ पर्यंत चांगला धरतात. फाँट उशिरा येऊन मजकूर हलला की दुसरा आकडा बिघडतो.

जुन्या लिंकांबद्दल मी हट्टी आहे. कुणीतरी वर्षांपूर्वी व्हॉट्सॲपवर पाठवलेला लेख आज उघडलाच पाहिजे. यूआरएल मराठीत असेल तर देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइटांचं, म्हणजे एन्कोड झाल्यावर (टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर) ९ कॅरेक्टरांचं होतं. त्यातली इंग्रजी अक्षरं कुठे कॅपिटल येतात, कुठे स्मॉल. ३०१ रीडायरेक्टचा (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्यावर नेण्याचा) नियम जसंच्या तसं जुळवणारा असेल तर निम्म्या लिंका ४०४ वर ('पान सापडलं नाही'वर) जाऊ शकतात. दोन्ही रूपं हाताने उघडून बघा.

लाइव्ह शुक्रवारी संध्याकाळी करू नका. मंगळवारी सकाळी करा, सगळे जागेवर असतात. डीएनएस (साइटच्या नावावरून सर्व्हर सांगणारी नोंद) बदलणार असाल तर आदल्या दिवशीच टीटीएल (ती नोंद किती वेळ साठवून वापरायची ते) ३०० सेकंदांवर आणून ठेवा. स्टेजिंगवरचा (चाचणीच्या साइटवरचा) नोइंडेक्स, म्हणजे सर्च इंजिनांना पान यादीत घेऊ नका सांगणारी खूण, निघाला का, जुनं बिल्ड (साइटची आधीची तयार आवृत्ती) परत चढवता येतंय का, हे करून पाहा. आणि सीएसएसच्या (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलच्या) फाइलनावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारा कोड) हवाच. नाहीतर नेहमीच्या वाचकाच्या फोनवर नवं एचटीएमएल आणि कॅशमधली (ब्राउझरने साठवून ठेवलेली) जुनी सीएसएस एकत्र येतात. "साइट मोडलीय" असे पहिले फोन बहुधा याचेच येतात.