कांडी दगडासारखी का होते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात उन्हाळी सरबतांविषयी लिहिले आणि ठाणे व नवी मुंबईच्या वाचकांकडून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत सरबताऐवजी तेच सरबत साच्यात ओतून त्याच्या बर्फाच्या कांड्या करण्याबद्दलचे प्रश्न होते. गारेगारवाल्याच्या हाकेसरशी रस्त्यावर धावणारी मुले आता आजी-आजोबा झाली आहेत आणि त्यांना नातवंडांसाठी तीच गंमत, पण घरच्या फळांची, करून हवी आहे. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

ताई, मी कलिंगडाचा रस गाळून साच्यांत घातला होता. कांड्या गोठल्या, पण मुलांनी दोन-चारदा चोखताच रंग आणि गोडी निघून गेली आणि हातात नुसता पांढरा बर्फ राहिला. त्याच दिवशी केलेल्या आमरसाच्या कांड्या मात्र शेवटपर्यंत मऊ आणि गोड होत्या. असे का झाले?
एक वाचक भगिनी, कोपरखैरणे

आपल्या हातून काही चुकलेले नाही. कलिंगडाचा स्वभावच तसा आहे. त्याच्या गरात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि रस गाळला की उरलासुरला चोथाही जातो. असा पातळ रस सावकाश गोठू लागला, की आधी त्यातील निव्वळ पाण्याचे स्फटिक बनतात आणि साखर, रंग, स्वाद हे सारे त्या स्फटिकांच्या फटींत अडकलेल्या पाकात उरते. मुलाने कांडी चोखली की तो पाक आधी ओढला जातो. शाळेच्या फाटकाबाहेर मिळणाऱ्या लाल-केशरी कांड्यांचेही शेवटी हेच होत असे, हे आपल्यालाही आठवत असेल. आमरसात मुळातच साखर अधिक असते, शिवाय आंब्याच्या गरातील तंतू आणि पेक्टिन पाण्याला धरून ठेवतात, त्यामुळे स्फटिकांना मोठे होण्यास वाव मिळत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे कलिंगडाचा रस गाळू नये. बिया काढून गर मिक्सरमधून फिरवावा आणि चार वाट्या गराला चार ते पाच मोठे चमचे साखर व एका लिंबाचा रस घालावा. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून साच्यात ओतण्यापूर्वी चाखताना मिश्रण पिण्याच्या सरबतापेक्षा अंमळ जास्तच गोड लागले पाहिजे. पिताना बरोबर लागणारे सरबत गोठल्यावर हमखास फिके लागते. या मिश्रणात एखादे पिकलेले केळे किंवा अर्धी वाटी नारळाचे घट्ट दूध घातले, तर पोत आणखी सुधारतो. मात्र केळ्याचा वास कलिंगडावर मात करतो, म्हणून मी स्वतः नारळाचे दूधच घालते.

दुसरी गोष्ट वेगाची आहे. मिश्रण जितक्या लवकर गोठेल तितके स्फटिक बारीक राहतात, म्हणून ते आधी दोन तास फ्रीजमध्ये गार करून मगच साच्यात ओतावे, साचे अरुंद घ्यावेत, शक्य असल्यास स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे घ्यावेत आणि फ्रीझरच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवावेत. बारा साचे एकदम कोंबण्यापेक्षा सहा-सहा करून दोनदा लावलेले बरे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून साचा काठोकाठ भरू नये. काडी तिरकी होत असेल तर मिश्रण पाऊण-एक तासाने अर्धवट धरल्यावर ती खोचावी.

आणि एक सुचवू का? कलिंगडाला कांडीचा हट्टच धरू नये. हेच मिश्रण पसरट स्टीलच्या ताटात बोटभर उंचीचे ओतून फ्रीझरमध्ये ठेवावे आणि दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडत राहावे. तीन-चार वेळा खरवडल्यावर गोळ्याच्या बर्फासारखा मोकळा, भुरभुरीत चुरा तयार होतो. तो वाटीत घालून वर काळे मीठ भुरभुरले की कलिंगडाचे चीज होते.

आमच्या घरी मधुमेह आहे, म्हणून साखरेऐवजी गोडव्याच्या गोळ्या विरघळवून आंब्याच्या आणि संत्र्याच्या कांड्या केल्या. त्या इतक्या टणक झाल्या की दात लावणे कठीण. आपण साखरविरहित पाककृती द्याल का?
एक वाचक, नौपाडा, ठाणे

साखर कांडीला गोडी देते, तसाच मऊपणाही देते. पाण्यात साखर विरघळली की ते पाणी शून्य अंशाला गोठत नाही, थोडे खाली जाऊन गोठू लागते. आणि पुढेही जसजसा बर्फ बनतो तसतसा उरलेला पाक अधिक घट्ट होऊन गोठण्याचे टाळत राहतो. म्हणून फ्रीझरमध्येही साखरेच्या कांडीत थोडा पाक द्रव राहतो आणि दात त्यात सहज शिरतो. गोडव्याची गोळी मूठभर साखरेची गोडी चिमटीत देते खरी, पण चिमटीएवढा पदार्थ विरघळून पाण्याला अडवू शकत नाही. आपल्या संत्र्याच्या कांड्या अधिक कडक झाल्या असतील, कारण त्यात गर जवळजवळ नसतोच.

यावर उपाय म्हणजे पाणी कमी करून घट्टपणा दुसरीकडून आणणे. दह्याचा चक्का, भिजवून वाटलेले काजू, नारळाचे दूध किंवा फुगवलेला सब्जा यांपैकी काहीही चालेल. दोन वाट्या चक्का आणि एक वाटी फळाचा गर एकत्र फेटून गोठवले, की गोळी न घालताही कांडी सुरीने कापता येईल इतकी नरम राहते. फ्रीझरमधून काढून पाच-सात मिनिटे बाहेर ठेवल्यास आणखी सुधारते.

परंतु 'साखरविरहित' हा शब्द मात्र जपून वापरावा. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात त्याची स्वतःची साखरच सुमारे १४ ग्रॅम असते, आणि वरून साखर घातली नाही म्हणून दोन कांड्या जास्त खाल्ल्या तर हिशेब तिथेच चुकतो. घरातील रुग्णाने किती खावे हे त्यांचे डॉक्टर सांगतील; माझ्याकडून इतकेच, की साचे लहान घ्यावेत. बर्फाच्या ट्रेमध्ये काडी खोचून केलेली दोन घासांची कांडी पुष्कळदा पुरते.

कोकमाच्या कांड्या दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवूनही गोठल्या नाहीत, नुसता चिखल झाला. गावाहून आणलेले आगळ वापरले होते, पाणी व साखर नेहमीप्रमाणेच घातली होती. आमचा फ्रीज एका दाराचा, जुना आहे. फ्रीज बिघडला असेल का?
एक गृहिणी, ऐरोली

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला बोलावण्याआधी आगळाची बाटली तपासावी. आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. अमृत कोकमाचे तसे नाही, ते साखरेत मुरवलेले असते. आता साखरेने पाणी गोठायला जी आडकाठी होते, तीच मिठाने कितीतरी अधिक होते. वजनाच्या हिशेबाने एक ग्रॅम मीठ जवळजवळ अकरा-बारा ग्रॅम साखरेचे काम करते. आपल्या मिश्रणात नेहमीची साखर होतीच, वर आगळाचे मीठ आले, त्यामुळे कांडी गोठणार तरी कशी?

गंमत अशी, की पूर्वी कुल्फीवाल्याची सारी भिस्त याच मिठावर होती. बर्फाच्या चुऱ्यात खडे मीठ मिसळले की बर्फ वितळू लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता आजूबाजूने शोषून घेतो, त्यामुळे ते मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते. बर्फ आणि मीठ यांचे प्रमाण नेमके जमले तर उणे २१ अंशांपर्यंतही उतरू शकते. त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांतील आटवलेले दूध विजेशिवाय गोठत असे. ज्या मिठाने डब्याबाहेर राहून कुल्फी धरली, तेच आत शिरले की कांडी धरू देत नाही.

फ्रीजविषयी आपली शंका मात्र अगदीच निराधार नाही. फ्रीझरच्या दारावर किंवा आत लहान चांदण्यांची खूण असते; एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८. बाहेर चिकटवलेल्या वीजबचतीच्या चांदण्या वेगळ्या, त्यांचा याच्याशी संबंध नाही. एका दाराच्या अनेक जुन्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा एका-दोन चांदण्यांचाच असतो आणि तिथे पाण्याचा बर्फ होतो, पण गोड घट्ट मिश्रण अर्धेकच्चे राहते. अशा कप्प्यात साखर थोडी कमी घालावी, कांड्या रात्री लावाव्यात आणि सकाळपर्यंत दार उघडू नये.

कोकमाच्या कांड्यांसाठी आगळ बाजूला ठेवून वाळलेली आमसुले कोमट पाण्यात दोन तास भिजवावीत, कोळून गाळावीत आणि साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड व चिमूटभरच मीठ घालावे. आमसुले वाळवतानाही त्यांना मीठ लावलेले असू शकते, म्हणून आधी चाखावे. जो चिखल झाला आहे तो टाकू नये. पाणी वाढवून त्याचे उत्तम सरबत होईल.

अननस आणि दुधाच्या कांड्या कडू झाल्या. दूध ताजे होते, अननसही गोड होता.
एक वाचक, खारघर

न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते दुधातील प्रथिनांचे तुकडे करते. कडवटपणा त्यातून येतो. अननसाच्या फोडी थोड्या साखरेबरोबर पाच-सात मिनिटे चांगल्या उकळाव्यात, पूर्ण गार कराव्यात आणि मग दुधात मिसळाव्यात. उकळल्याने विकर निकामी होते. किवीच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी.

आमच्या सोसायटीत सुट्टीतील शिबिरासाठी चाळीस मुलांना फळांच्या कांड्या करून देण्याचा विचार आहे. स्वच्छतेची कोणती काळजी घ्यावी आणि तिसऱ्या मजल्यावरून मैदानापर्यंत त्या न वितळता कशा न्याव्यात?
सोसायटीच्या महिला मंडळाच्या एक सभासद, घोडबंदर रस्ता, ठाणे

गोठवले म्हणजे जंतू मेले, असा एक समज आहे आणि तो चुकीचा आहे. बहुतेक जंतू थंडीत केवळ स्वस्थ बसतात आणि कांडी पोटात वितळली की पुन्हा कामाला लागतात. म्हणून पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे, फळे कापण्याआधी धुवावीत, आणि यात कलिंगड व खरबूजही आले, कारण सुरी सालीवरची घाण गरात नेते. दूध घालायचे असेल तर तेही उकळून गार केलेले असावे. बाजारचा बर्फ खाण्याच्या पदार्थात घालू नये. मासळी वगैरे थंड ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अखाद्य बर्फाला निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये लागू झाला, तो याच गल्लतीमुळे. पण पांढरा दिसला म्हणून बर्फ खाण्याजोगा आहे, असे मानून चालू नये.

मुले लहान असतील तर द्राक्षे अख्खी न घालता उभी चिरून घालावीत, आणि कुणाला शेंगदाणे किंवा काजू चालत नाहीत का हे पालकांना आधीच विचारून ठेवावे. शिबिरात कुणाचे एक वर्षाच्या आतील भावंड येणार असेल तर त्याच्या हाती मध घातलेली कांडी जाऊ देऊ नये; त्या वयात मध मुळीच देत नाहीत.

आता नेण्याचा प्रश्न. बर्फाच्या खोक्यात ठेवलेल्या कांड्या तरीही वितळतात, अशी तक्रार पुष्कळजणी करतात, आणि त्याचे कारण वर आलेच आहे: साधा बर्फ शून्य अंशाचा असतो आणि गोड कांडी शून्याच्या खालीच वितळू लागते. तेव्हा कुल्फीवाल्याची युक्ती वापरावी. कांड्या पिशवीत गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भराव्यात, तो डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवावा आणि भोवती तीन किलो बर्फाला एक किलो खडे मीठ या मापाने थर द्यावेत. येथे बाजारचा बर्फ चालेल, फक्त त्याचे खारट पाणी डब्यात शिरता कामा नये. साच्यातून कांड्या घरीच सोडवून घ्याव्यात; साचा दहा-पंधरा सेकंद नळाच्या साध्या पाण्याखाली धरला की पुरते, गरम पाणी घेतल्यास कडा विरघळून कांडी चिकट होते.

आंबा, कलिंगड सगळेच करतात. आपल्या भागातील आणखी कोणती फळे गोठवता येतील? आणि कांड्या किती दिवस टिकतात?
एक निवृत्त शिक्षिका, बेलापूर

टिकण्याचे आधी सांगते. दोन-तीन आठवड्यांत संपवाव्यात. त्यानंतर त्या खराब होतात असे नाही, पण फ्रीझरचे दार उघडझाप होताना स्फटिक वाढत जातात, वर पांढरट कोरडेपणा येतो आणि मासळीचा वास लागतो. दुधाची कांडी एकदा पूर्ण वितळली तर ती पुन्हा गोठवू नये.

फळांमध्ये चिकू मला आंब्याखालोखाल आवडतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, म्हणून आपला म्हणायला हरकत नाही. चिकूचा रवाळ गर दुधाबरोबर फिरवला की साखर जवळजवळ लागतच नाही आणि कांडी कुल्फीच्या जवळ जाते. ताडगोळा मात्र गोठवू नये. त्याचे सारे सुख त्याच्या लुसलुशीत गरात आहे, आणि गोठून वितळल्यावर त्याला पाणी सुटते. तो सोलून ताजाच खावा.

येऊरच्या बाजूने टोपल्या घेऊन येणाऱ्या बायकांकडे मे महिन्यात करवंदे आणि पाठोपाठ जांभळे येतात, बदलापूरची जांभळेही त्याच सुमारास बाजारात दिसू लागतात. करवंदे थोड्या पाण्यात शिजवून, चाळणीवर घासून बिया व साल काढावी आणि त्या कोळात गूळ घालावा. आंबट-गोड कांडी फार छान होते. जांभूळ न शिजवता हाताने कुस्करून बी काढावी, गरात साखर, लिंबू आणि अगदी चिमूटभर मीठ घालावे, म्हणजे तुरटपणा जिभेला कमी बोचतो. पहिल्या पावसानंतर जांभळे पाहता पाहता संपतात, म्हणून मी गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून, चौकोन डब्यात भरून ठेवते आणि लागेल तेव्हा नारळाच्या दुधाबरोबर फिरवून कांड्या लावते. या कांड्या नातवंडांना देताना अंगात जुने कपडे असू द्यावेत आणि जागा मोरीजवळची निवडावी, कारण जांभळाचा डाग सुती कापडावरून निघता निघत नाही.