मुंबईत एकटीनं राहणाऱ्या नोकरदार मुलीचं रोजचं आयुष्य खरंच कसं असतं?

प्रश्नात तू लिहिलंयस की पहिल्या नोकरीसाठी नांदेडहून मुंबईला यायचंय, आई रोज कुठली ना कुठली बातमी दाखवून घाबरवते, आणि "रात्री-अपरात्री तिथं एकट्या पोरीचं कसं व्हायचं" यापलीकडे घरात विषय नाही. मी बार्शीची. काही वर्षं झाली डोंबिवलीत राहते, ऑफिस लोअर परळला, एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात. वयानं मोठी असेन म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नकोस.

आईला ज्याची धास्ती आहे, म्हणजे रस्ता, लोकल, रात्र, तो भाग मुंबईत त्यातल्या त्यात सोपा आहे. जड जातं ते घर. रात्री अकराला दादर स्टेशनवर मला कुणी विचारत नाही की बाई तू इथं काय करतेस. हे विचारणारे सगळे माझ्या बिल्डिंगमध्ये राहतात.

घर शोधायला निघालीस की ब्रोकरचा पहिला प्रश्न येतो, "फॅमिली की बॅचलर?" लग्न न झालेली मुलगी बॅचलर धरतात आणि बॅचलर म्हटलं की निम्मे फ्लॅट यादीतून गळतात. उरलेल्यांत "ओन्ली व्हेज", मग "दहानंतर गेट बंद", मग "मुलगे वर आणायचे नाहीत". आम्ही तिघी मिळून घर बघत होतो तेव्हा एका सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी आम्हाला ऑफिसात समोर बसवून रीतसर मुलाखत घेतली. गाव कुठलं, वडील काय करतात, ऑफिस कितीला सुटतं, लग्नाचं कधी बघताय. शेवटी म्हणाले, "आम्हाला काही प्रॉब्लेम नाही हो, पण बाकीचे मेंबर बोलतात." हे वाक्य तुला इतक्यांदा ऐकायला मिळेल की पाठ होईल. ते बाकीचे मेंबर कोण, हे मला अजून कळलेलं नाही.

आता जिथे राहते तिथेही वॉचमनकडे वही आहेच. माझा भाऊ परीक्षेसाठी आला आणि दोन दिवस राहिला, तर वहीत "नातं" या रकान्यात "भाऊ" लिहून भागलं नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात थांबवून म्हणाल्या, "सख्खा का गं?" मी म्हटलं, "हो काकू, आधार कार्ड आणू का?" त्या हसल्या, मीही हसले, पण आमच्याच मजल्यावरच्या कुटुंबाकडे आठवडाभर पाहुणे राहिले तेव्हा कुणी सख्खे-चुलत मोजले नव्हते. त्याच काकू संकष्टीला मोदक आणून देतात, आणि मला ताप होता तेव्हा दोन वेळची पेज त्यांनीच पाठवली. पहारा आणि माया एकाच दारातून येते, त्यामुळे धड भांडताही येत नाही.

यातलं कामाचं तेवढं सांगते. मुंबईत घर बहुतेक 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या राहण्याच्या करारावर मिळतं. 11 महिन्यांचं आहे म्हणून नोंदणी लागत नाही, असं ब्रोकर किंवा मालक म्हणाला तर ऐकू नकोस. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, उलटं सिद्ध होईपर्यंत. हे एवढं एक वाक्य नीट माहीत असलं की डिपॉझिट परत मागताना आवाजात फरक पडतो. आता आधार आणि अंगठा घेऊन हे काम घरबसल्याही होतं. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरतात, तीही भरून घे आणि तिची प्रत जवळ ठेव, कारण सोसायटी पहिल्याच दिवशी मागते. आणि "दहानंतर गेट बंद" असल्या अटी करारात आहेत का ते सही करण्याआधी वाच. तोंडी सांगितलेल्या अटी मी पाळते, पण सोयीप्रमाणे.

एकदम फ्लॅट नको असेल तर पीजी (पेइंग गेस्ट) आहेत, वर्किंग विमेन्स होस्टेलं आहेत. केंद्र सरकारची सखी निवास नावाची योजनाही नोकरदार बायकांच्या होस्टेलांसाठीच आहे. होस्टेलात वेळेचं बंधन असतं, पण भाडं परवडतं आणि आईचा जीव भांड्यात पडतो. पहिल्या काही महिन्यांसाठी मी तेच सुचवेन. पीजी बघायला जाशील तेव्हा संध्याकाळी जाऊ नकोस, सकाळी सात-आठला जा. किती पोरींमागे एक बाथरूम आहे आणि पाणी कितीला येतं, ते तेव्हाच दिसतं.

आता लोकल. लेडीज डब्याबद्दल लोक एक तर कविता करतात नाहीतर भांडणाचे व्हिडिओ फिरवतात. रोजचा डबा या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असतो. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायची म्हणजे आधीच कल्याण-बदलापूरहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबायचं. ज्यांना बसायचंच असतं त्या आधी उलट्या दिशेनं कल्याणला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला रिटर्न म्हणतात, आणि यावरून रोज शब्दाला शब्द लागतो. (पास कल्याणपर्यंतचा काढलेला असला म्हणजे टीसी पुढे आला तरी तोंड वाकडं करावं लागत नाही.)

आत शिरलीस की नियम शिकायला आठवडा पुरतो. बसलेल्या बाईला "कुठे?" एवढंच विचारायचं. ती "घाटकोपर" म्हणाली की ती सीट तुझी, आणि मग मागून कुणी आली तरी तिचा नंबर तुझ्यानंतर. तिघींच्या बाकावर चौथी सीट असते, म्हणजे अर्धी मांडी टेकेल एवढी जागा. ती मागायला लाजायचं नाही. दादरला उतरायचं असेल तर कुर्ला सुटलं की दाराकडे सरकायला लागायचं आणि पुढच्या प्रत्येकीला विचारायचं, "दादर उतरणार?" नाही म्हणाली तर जागा बदलून घ्यायची. हे न करता जी आत उभी राहते ती थेट पुढच्या थांब्याला, भायखळ्याला उतरते. आणखी एक: दादरला डिसेंबर 2023 पासून प्लॅटफॉर्मचे नंबर सलग केलेत, वेस्टर्न रेल्वेचे 1 ते 7 आणि सेंट्रल रेल्वेचे 8 ते 14. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, तेव्हा इंडिकेटरवर विश्वास ठेव.

परतीचा डबा मला सकाळपेक्षा आवडतो. सहानंतरच्या गाडीत क्लचर, टिकल्या, नेलपेंट, लसूण सोललेला, लसूण न सोललेला, सगळं विकायला येतं. माझ्या शेजारी रोज एक मंत्रालयातल्या ताई बसतात, त्या मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडतात. काड्या वेगळ्या पिशवीत, पानं वेगळ्या, आणि तोंडानं सुनेचा विषय चालू. ठाणं येईपर्यंत जुडी संपते. एकदा मी रिकाम्या हातांनी बसलेय हे पाहून त्यांनी अर्धी जुडी न बोलता माझ्या मांडीवर ठेवली. नवरात्रात त्या-त्या दिवसाच्या रंगाची साडी नाही नेसलीस तर तुला कारण विचारतील. 1992 पासून पश्चिम रेल्वेवर पूर्ण लेडीज स्पेशल गाडीही धावते, चर्चगेटहून. मी मात्र सेंट्रलला, डब्यावरच भागवते.

रात्रीचं विचारलंयस. रात्रीच्या लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो. सगळेच लेडीज डबे रात्रभर लेडीज राहत नाहीत, डब्यावर पाटी असते. 24 तासांचा कुठला ते बघून ठेव आणि त्यातच चढ. डबा अगदी रिकामा असेल तर मी जनरलमध्ये चढते, जिथे माणसं आहेत तिथे. 112 सगळीकडे चालतो, मुंबई पोलिसांचा बायकांसाठीचा 103 आहे, रेल्वेचा 139. गर्दीत धक्के मारणारे नग भेटतात, नाही असं नाही, बहुतेक पुलावर आणि जिन्यावर. तिथे मोठ्यानं "ओ, नीट चाला" म्हटलं की आजूबाजूची चार माणसं वळून बघतात. गावाकडे अशा वेळी लोक आपल्याकडेच बघतात, हा माझा अनुभव.

ऑफिस उशिरापर्यंत थांबवत असेल तर हेही माहीत असू दे: महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही, आणि लावलं तर सुरक्षितता आणि घरी सोडण्याची सोय कंपनीनं करायची असते. एचआरला हे ऐकवावं लागत नाही, पण आपल्याला माहीत आहे एवढं त्यांना कळलेलं बरं असतं.

ज्याबद्दल कुणीच सांगत नाही ते मी सांगते: लघवी. डोंबिवली ते लोअर परळ, वाटेत गाडी रखडली तर दोन तास, लोकलमध्ये टॉयलेट नाही आणि स्टेशनवरचं असं की दारापर्यंत जाऊन मागे फिरावं. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत. आमच्या ऑफिसात लघवीच्या इन्फेक्शनची गोळी कुठली, हे डोकेदुखीच्या गोळीसारखं सगळ्यांना तोंडपाठ आहे. मुंबईत 2011 च्या सुमारास "राइट टू पी" नावाची चळवळ उभी राहिली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून मात्र पैसे, हे का, असा तिचा साधा प्रश्न होता. पुढे थोडं बदललं, पण माझ्या वाटेवर तरी मी आजही टॉयलेट कुठली उघडी असतात त्यावरून रस्ता ठरवते. तुझ्या वाटेवरचा मॉल, मोठं हॉस्पिटल, स्वच्छ हॉटेल पहिल्याच आठवड्यात हेरून ठेव. आणि पाणी पी.

पैशाचं थोडक्यात. डोंबिवलीत वन बीएचके तिघींत वाटून घेतला की भाडं अंगावर येत नाही. अंधेरीत तेवढे पैसे एका बेडलाच जातील. प्रवास स्वस्त आहे: ठाणे ते सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) सेकंड क्लासचा महिन्याचा पास 215 रुपये. मारतात ते रिक्षावाले, मीटरच्या पहिल्या टप्प्यालाच 2025 पासून 26 रुपये. म्हणून घर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ घे, भाडं थोडं जास्त पडलं तरी. पहिला पगार झाला की स्लिप नीट बघ: महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर माफ आहे, 2023 पासून. माझ्या एका मैत्रिणीचे तरी दर महिन्याला 200 कापत होते, तिनं सांगितल्यावर थांबले. जेवणाला पोळी-भाजी केंद्र. प्रत्येक स्टेशनबाहेर दोन-तीन असतातच. मी भाजी घरी करते आणि पोळ्या विकत आणते, आईला हे अजून पटलेलं नाही. गावी जाताना एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच. मी कल्याणहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं कुर्डुवाडी आणि तिथून पुढे एसटी करते.

मग एवढं सगळं करून मी इथं का राहते? एका शनिवारचं सांगते. हाफ डे होता, दादरला उतरले, एकटीच हॉटेलात शिरले, बटाटेवडा आणि पियूष मागवला. टेबल शेअरिंगचं होतं, समोर एक आजोबा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी तासभर बसले, मोबाइलही काढला नाही. बार्शीत मी एकटीनं हॉटेलात बसून वडा खाल्ला असता तर घरी पोचायच्या आत आईला फोन गेला असता, "पोरगी एकटीच होती, काही बिनसलंय का?" मला इथं जे मिळालं ते एवढंच आहे, आणि त्यासाठी मी सेक्रेटरी काकांच्या दहा मुलाखती देईन.

रविवार मात्र खायला उठतो, हे आधीच सांगून ठेवते. कपडे, फरशी, आठवड्याची भाजी झाली की दुपारी चारला काय करावं कळत नाही. त्यासाठी काहीतरी लावून घे. मी पोहायला जाते, रूममेट गाण्याच्या क्लासला.

आईला पहिल्या महिन्यात चार दिवस घेऊन ये. तिला गर्दीच्या वेळी नको, दुपारी लोकलनं फिरव, रूममेट्सचे नंबर दे, आणि खालच्या काकूंशी ओळख करून दे. त्यांचं लगेच जमतं आणि मग तुझ्यावर लक्ष ठेवायचं काम परस्पर वाटून घेतलं जातं.

तुझं ऑफिस कुठे आहे ते मात्र लिहिलं नाहीस. दादर, परळ, भायखळा, सीएसएमटीकडे असेल तर ठाणे-डोंबिवली बघ. अंधेरी-गोरेगावला असेल तर डोंबिवलीचा विचारही करू नकोस, वेस्टर्नवरच बोरिवलीच्या पुढे शोध. बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स असेल तर कुर्ल्याहून रिक्षाच्या रांगेत उभं राहायची तयारी ठेव.