आलेखात आधी अक्ष बघा

प्रश्न : वडिलांच्या रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) 0.7 वरून 1.1 झालं. दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’च आहेत. तरी डॉक्टरांनी जुने आकडे मांडून आलेख काढला आणि लगेच पुढच्या तपासण्या सांगितल्या. असं का?

रिपोर्टमधली मर्यादा सगळ्यांसाठी असते, आलेख मात्र फक्त तुमच्या वडिलांचा आहे. 48 तासांत क्रिएटिनिन 0.3 ने किंवा सात दिवसांत दीडपट वाढलं, तर मूत्रपिंडाला अचानक इजा झाली असं धरतात, आकडा मर्यादेत असला तरी. इथे वाढ 0.4 ची आहे. पण ती दोन दिवसांतली की दोन वर्षांतली, यावर सगळं ठरतं. आणि नेमकी इथेच काही अ‍ॅप्स फसवतात. दोन तपासण्यांमध्ये कितीही काळ गेला असो, ठिपके सारख्याच अंतरावर टाकतात. मग संथ चढण कडा दिसते आणि कडा संथ चढण. म्हणून आडव्या अक्षावरच्या तारखा आधी वाचा. प्रयोगशाळा बदलली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : मी निवासी डॉक्टर आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रातले कमी-जास्त आकडे रंगांनी दाखवायला इंद्रधनुषी रंगपट्टी आपोआप येते. बदलावी का?

बदलाच. त्या पट्टीत पिवळा सगळ्यांत उजळ दिसतो, पण तो दाखवतो मधले आकडे. त्यामुळे नसलेल्या सीमा दिसतात आणि असलेल्या बुजतात. हार्वर्डमधल्या 2011 च्या एका अभ्यासात हृदयधमन्यांमधल्या धोक्याच्या जागा त्रिमितीय इंद्रधनुषी चित्रात जेमतेम 39 टक्के सापडल्या. सपाट मांडणी आणि नेटके रंग वापरल्यावर 91 टक्के. धमन्या त्याच होत्या. इंद्रधनुष्य आकाशातच बरं!

प्रश्न : एआयने एक्स-रेवर लाल डाग दाखवला. तिथेच आजार आहे ना?

नाही. मॉडेलने निष्कर्ष काढताना कोणत्या भागाला वजन दिलं, एवढंच तो डाग सांगतो. तिथे त्याला काय ‘दिसलं’, हे सांगत नाही. न्यूमोनिया ओळखणाऱ्या मॉडेलच्या 2018 च्या एका अभ्यासात असं आढळलं की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हेसुद्धा मॉडेल ओळखू शकत होतं, म्हणजे ते आजाराऐवजी अशा खुणांवरही भिस्त ठेवू शकतं. डाग फुप्फुसाबाहेर, फिल्मच्या कोपऱ्यातल्या खुणेवर असेल तर संशय घ्या. फुप्फुसावर असेल तरी मूळ चित्र डागाविना आधी बघा. डाग एकदा दिसला की नजर तिथून हलत नाही, रेडिओलॉजिस्टचीसुद्धा.

प्रश्न : एकाच सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसं कधी नुसती काळी, कधी जाळीदार का दिसतात?

‘विंडो’ बदलल्यामुळे. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी 0, हवा उणे 1000. एवढा पल्ला डोळ्याला करड्या छटांमध्ये एकदम वेगळा करता येत नाही, म्हणून हवा तेवढाच तुकडा ताणून दाखवतात. मोजमाप तेच राहतं.