‘वर्ग सांभाळता आला पाहिजे’ म्हणजे नेमके काय?

पाचवी ते आठवीसाठी शिक्षक नेमताना उमेदवाराला वर्ग सांभाळता येतो की नाही हे मुलाखतीत कसे ओळखावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही अपेक्षा आधी शाळेने स्वतः स्पष्ट केली पाहिजे. पुण्यातल्या अनेक शाळांत तिचा अर्थ पर्यवेक्षक व्हरांड्यातून जाताना वर्गातून आवाज येऊ नये, एवढाच घेतला जातो, आणि तशी शांतता धाकानेही मिळते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. म्हणून छडीबरोबरच सर्वांसमोर टाकून बोलणेही आपल्या शाळेत चालणार नाही, हे उमेदवाराला नेमणुकीपूर्वीच लेखी द्यावे.

निवडक हुशार मुले पुढे बसवून आणि मुख्याध्यापक मागे बसून घेतलेल्या प्रात्यक्षिक पाठातून फारसे काही कळत नाही. तो मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेला, पूर्ण वर्गावर ठेवावा आणि मागे फक्त वर्गशिक्षकांनी बसावे. सूचना देण्यापूर्वी उमेदवार सर्वांचे लक्ष येईपर्यंत थांबतात का, शेवटच्या बाकापर्यंत जातात का, कुजबुजणाऱ्या मुलाजवळ पाठ न थांबवता नुसते जाऊन उभे राहतात का, हे पाहावे. सर्वांत बारकाईने पाहावा तो एक काम संपून दुसरे सुरू होण्यामधला वेळ, कारण गडबड बहुधा तिथेच सुरू होते.

मुलाखतीत ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षा ‘असे घडले तेव्हा तुम्ही काय केले?’ हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. आपल्या वर्गात कधीच गोंधळ होत नाही असे सांगणाऱ्या उमेदवाराला मी अधिक खोलात जाऊन विचारतो. नुकतेच बी.एड. झालेल्यांना मात्र असा अनुभव सांगता आला नाही, या एका कारणावरून नाकारू नये. आंतरवासितेत, म्हणजे शिक्षणक्रमातल्या शाळेतील सरावाच्या काळात, वर्ग पूर्णपणे त्यांच्या एकट्याच्या हाती क्वचितच असतो.

शाळेची बाजूही तितकीच स्पष्टपणे सांगावी. कायद्यानुसार पाचवीपर्यंत ३० आणि सहावी ते आठवीला ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. आपल्या तुकडीत पंचावन्न मुले असतील तर तो आकडा मुलाखतीतच सांगावा. अडचण आली तर कोणाकडे जायचे आणि पालकांशी कोण बोलणार, हेही ठरवावे, आणि पहिल्या सत्रात नव्या शिक्षकांवर अनोळखी वर्गांच्या बदली तासिका टाकू नयेत.